डोक्याचा मार आणि झोपेची गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण मी काही बोलणारी नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळात माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे, हळदीकुंकवाला वाण बांधणे आणि भिशीची वही ठेवणे. तेव्हा कागदावर लिहून आणले आहे, ते वाचते. मधे अडखळले तर सांभाळून घ्या. गेल्या वर्षी अडखळायचे कारण निराळे होते, आणि आज तेच सांगावयाचे आहे.

२०२४ साली दिव्याची अवस ४ ऑगस्टला, रविवारी होती. आदल्या दिवशी संध्याकाळी मी माळ्यावरून समया आणि लामणदिवा काढायला स्टुलावर चढले. पाऊस चालला होता, खिडकीतून फरशीवर पाणी आले होते, आणि स्टुलाचा एक पाय आधीच डुगडुगत होता. ‘हे’ तीन महिने म्हणत होते, त्याला खिळा मारतो. खिळा मारायचा राहिला. मी खाली आले ती समईसकट, आणि डोक्याची डावी बाजू कडाप्प्याच्या ओट्याच्या कडेवर आपटली. पुढचे मला आठवत नाही. मुलगी सांगते की मिनिटभर मी डोळे उघडले नाहीत, आणि उघडले तेव्हा पहिले वाक्य बोलले ते, “समईला पोचा आला का?” हेच तीन वेळा विचारले म्हणे. मग एक उलटी झाली.

रिक्षाने जवळच्या एका रुग्णालयात नेले. मशिनीत घालून डोक्याचे फोटो काढले, त्यालाच सीटी स्कॅन म्हणतात. आत रक्तस्राव नाही, हाड मोडलेले नाही. डॉक्टर म्हणाले, कन्कशन आहे. म्हणजे मेंदूला हादरा बसला आहे. कवटीच्या आत मेंदू पाण्यात ठेवल्यासारखा असतो, मार बसला की तो आत हलतो, आणि हा हादरा फोटोत दिसत नाही. दोन दिवस विश्रांती, दुखले तर पॅरासिटामॉल, आणि एक छापील कागद. तो कागद इंग्रजीत. आम्ही तो घडी घालून फ्रिजवर ठेवला आणि त्याच्यावर विजेचे बिल ठेवले. भगिनींनो, त्या कागदाची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

पहिली रात्र मला कोणी झोपू दिले नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाला झोपू द्यायचे नसते, झोपला तर उठत नाही, असे चाळीतल्या सगळ्यांचे मत पडले. चहा पाजून, गालावर चापट्या मारून मला पहाटेपर्यंत बसवून ठेवले. मायेनेच केले, पण त्याने माझे डोके फुटायची वेळ आली. पुढे मला कळले की हे पूर्ण खरे नाही. डॉक्टरांनी तपासून घरी पाठविले असेल, माणूस नीट बोलत असेल, तर त्याला झोपू द्यावे. झोप त्याला हवीच असते. डॉक्टरांनी सांगितले असेल तर रात्री एकदोनदा उठवून नाव विचारावे, एवढेच. भीती झोपेची नसते, न उठण्याची असते. उठवूनही उठला नाही, उलट्या थांबत नाहीत, डोकेदुखी वाढतच चालली, बोलणे जड झाले, हातापायातली शक्ती गेली, आकडी आली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसू लागली, नाकाकानातून पाणी किंवा रक्त आले, तर एक क्षण न दवडता १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. हे सारे त्या फ्रिजवरच्या कागदात लिहिलेले होते.

आमचे मामंजी खाटेवर बसून सारखे नरी कॉन्ट्रॅक्टरचे नाव घेत होते. १९६२ साली वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात बार्बाडोसला त्यांच्या डोक्यावर चेंडू बसला, तेव्हा फलंदाज शिरस्त्राण घालीत नसत. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाली, वेस्ट इंडिजचा कप्तान फ्रँक वॉरेल ह्याने रक्त दिले, आपल्या चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी ह्यांनीही दिले. माणूस वाचला, पण कसोटी सामना पुन्हा खेळला नाही. मामंजी तेव्हा शाळकरी होते, रेडिओवर ऐकलेले त्यांच्या मनात अजून ताजे आहे. ते मला धीर देण्यासाठी सांगत होते. मला धीर आला नाही.

पहिले आठ दिवस मी खूप झोपले. जेवताना झोप, बसल्या बसल्या झोप. उजेड सोसत नसे, कुकरची शिटी कपाळात शिरे. पण मग उलटेच झाले. झोप जी गेली ती गेलीच. दहाला आडवी व्हायची आणि तीन वाजता विमाने मोजत पडलेली असायची. आपल्या मरोळवरून रात्री किती विमाने जातात हे तुम्हाला ठाऊक नसेल. तुम्ही झोपलेल्या असता. सासूबाईंनी दुधात जायफळ उगाळून दिले, तळपायाला तूप चोळले. दोन दिवस बरे वाटले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. झोप नाही म्हणून डोके दुखे, डोके दुखे म्हणून झोप नाही. घरात मी सगळ्यांवर खेकसू लागले. ‘हे’ बिचारे डबा न घेताच कामावर जाऊ लागले.

तेव्हा शेजारच्या एका काकूंकडून मी गोळी मागून घेतली. मागून घेतली, हे शब्द मी मुद्दाम वापरते. त्यांनी आपण होऊन दिली नाही, म्हणून त्यांना कोणी बोल लावू नये. त्यांना ती बऱ्याच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी लिहून दिली होती आणि ती चालूच राहिली होती. इवलीशी पांढरी गोळी. नाव अल्प्राझोलम. “अर्धीच घे,” काकू म्हणाल्या.

काय सांगू! त्या रात्री मी झोपले ती सकाळी दुधवाल्याच्या हाकेला उठले. गोळी नव्हे, देवच भेटला असे वाटले. आठ दिवस अर्धी घेतली, मग अर्धीने भागेना म्हणून पूर्ण घेऊ लागले. काकूंची पट्टी संपली तेव्हा रिकामी पट्टी घेऊन एका औषधाच्या दुकानात गेले, आणि त्याने चिठ्ठी न विचारता दुसरी पट्टी काढून दिली. पट्टीवर लाल चौकट होती, ती मी पाहिली, पण ती कशासाठी हे मला कोठे ठाऊक? सरकारने २०१३ साली एक यादी केली आणि ती २०१४ पासून लागू झाली. त्या यादीतले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून द्यायचे नाही, आणि दिले की रोग्याचे व डॉक्टरांचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवायची, असा नियम आहे. झोपेच्या बहुतेक गोळ्या त्या यादीत येतात. त्या दुकानात माझे नाव कोणी लिहिले नाही. मला तेव्हा बरेच वाटले की किती भला माणूस आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगताना मला लाज वाटते, पण तिच्याचसाठी मी उभी राहिले आहे.

आपली भिशी चोवीस जणींची, दरमहा हजार रुपयांची. चोवीस हजार रुपये महिन्याच्या तिसऱ्या रविवारपर्यंत माझ्या घरी असतात. इतक्या वर्षांत एका रुपयाची चूक झाली नव्हती, आणि मला त्याचा अभिमान होता. गणपतीत, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊच्या सुमारास आपल्यातल्या एक भगिनी दाराशी येऊन हजार रुपये देऊन गेल्या. मी नऊ वाजता गोळी घेतली होती. मी दार उघडले, “या, बसा, प्रसाद घ्या,” म्हणाले, पैसे घेतले, मोदक दिला. हे सगळे त्यांनी मला पुढे सांगितले. मला ह्यातले एक अक्षर आठवत नव्हते, आजही आठवत नाही.

रविवारी सोडतीला मी वही उघडली. त्यांच्या नावापुढे खूण नाही. सगळ्यांच्या देखत मी म्हटले, “तुमचे राहिले बरे का.” त्या म्हणाल्या, “मी दिले की हो, तुमच्या दारात.” मी म्हटले, “नाही, दिले असते तर लिहिले असते. माझ्या वहीत चूक होत नाही.” हा शेवटचा शब्द माझा. त्यांचे तोंड उतरले. त्यांनी पर्स उघडली, दुसरे हजार रुपये काढून सतरंजीवर ठेवले आणि एक शब्द न बोलता बसून राहिल्या. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी मंडळात येणे सोडले. दोघीतिघी मागे कुजबुजल्या, हेही मला ठाऊक आहे. कोणी त्यांच्याबद्दल, कोणी माझ्याबद्दल.

घट ३ ऑक्टोबरला बसायचे होते. आदल्या दिवशी मी डबे घासायला काढले. उपवासाच्या साबुदाण्याच्या डब्यात पाचशेच्या दोन नोटा मिळाल्या. वहीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळलेल्या, आणि तुकड्यावर त्या भगिनींच्या हातचे त्यांचे नाव आणि ‘भिशी सप्टेंबर’. साबुदाण्यात मी पैसे जन्मात कधी ठेवलेले नाहीत. मी खालीच बसले. पहिला विचार आला तो असा की मला वेड लागत आहे. डोक्याच्या माराने मेंदू गेला. आता हळूहळू मुलांची नावेही विसरीन.

मुलगी कॉलेजात जाते. तिला मी रडत सगळे सांगितले. तिने फ्रिजवरचा कागद काढला, विजेच्या दोन बिलांच्या खालून, आणि वाचून दाखविला. त्यात सरळ छापलेले होते की डॉक्टरांना विचारल्यावाचून झोपेची किंवा गुंगीची औषधे घेऊ नयेत, आणि दारू घेऊ नये. दोन महिने तो कागद माझ्या डोक्यापासून हातभर उंचीवर होता. मी चार वेळा फ्रिज पुसला, पण कागद वाचवून घेतला नाही. इंग्रजी मला येत नाही हे खरे, पण घरात येणारी माणसे होती.

त्याच आठवड्यात आम्ही परळच्या एका मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या विभागात गेलो. अंधेरीहून गाडीने प्रभादेवीला उतरलो. गाडीच्या आवाजाने मी कानांवर हात धरून बसले होते. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीहून थोड्याच मोठ्या, पण त्यांनी मला पुरा अर्धा तास दिला. आधी पुन्हा तपासले, पुन्हा फोटो काढायला लावला. कधी कधी कवटीच्या आत सावकाश रक्त साचते आणि काही आठवड्यांनी त्रास दिसतो, विशेषतः वयस्कर माणसांत आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत. माझ्यात तसे काही नव्हते. मग त्यांनी विचारले, “काकू, गोळ्या कोणत्या घेता?” मी म्हटले, पॅरासिटामॉल. त्या गप्प बसून माझ्याकडे बघत राहिल्या. मग मुलीने पर्समधून पट्टी काढून टेबलावर ठेवली.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी जे समजावले ते मला समजले तसे सांगते. मार लागल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत अशी गोळी घेतली, तर माणूस सुस्त पडला आहे तो गोळीने की आत रक्त साचल्याने, हे घरच्यांनाही कळत नाही आणि डॉक्टरांनाही कळत नाही. धोक्याची घंटाच कापडात गुंडाळून ठेवल्यासारखे होते. ते दिवस गेले तरी दुसरा प्रश्न उरतो. हादऱ्याने आधीच लक्ष लागत नाही, विसरायला होते, तोल जातो. ह्या गोळीनेही नेमके तेच होते. मग बरे होण्यास वेळ लागतो तो मारामुळे की गोळीमुळे, हे कसे ओळखायचे? आणि गोळी पोटात गेल्यावर माणूस चालतो, बोलतो, मोदक देतो, पण त्या वेळचे मनात उमटतच नाही. “तुमचा मेंदू गेलेला नाही,” त्या म्हणाल्या, “त्या अर्ध्या तासाची नोंद झालेली नाही, एवढेच.” भिशीच्या वहीसारखेच म्हणायचे. पैसे आले होते, नोंद झाली नव्हती. शिवाय रात्री उठून न्हाणीघरात जाताना तोल जाऊन पुन्हा डोक्यावर पडले असते, तर पहिला हादरा भरून आलेला नसताना दुसरा बसणे फारच वाईट.

मी म्हटले, मग आजपासून बंद. पट्टी कचऱ्यात टाकायला निघाले. तेव्हा मात्र त्या जोराने “नाही!” म्हणाल्या. भगिनींनो, हे ऐकून ठेवा, कारण हे मला अगदीच ठाऊक नव्हते. रोज काही आठवडे घेतलेली ही गोळी एकदम तोडायची नसते. एकदम तोडली तर झोप पहिल्यापेक्षा जास्त उडते, हात कापतात, जीव घाबरा होतो, आणि एखाद्याला आकडीसुद्धा येऊ शकते. त्यांनी मला कागदावर मराठीत लिहून दिले: इतके दिवस पाऊण, मग अर्धी, मग पाव, मग एकाआड एक. कुणाला किती दिवसांत कमी करायची हे डॉक्टरच ठरवितात, म्हणून माझे आकडे तुम्ही घेऊ नयेत. माझी गोळी मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी सुटली.

तोवर झोपेचे काय? त्यांनी मेलॅटोनिनच्या गोळ्या काही आठवडे लिहून दिल्या. अंधार पडला की आपले शरीर स्वतःच हे द्रव्य करते आणि झोपेची वेळ झाली असे अंगाला सांगते. ऑस्ट्रेलियात मेंदूला मार लागलेल्या ३३ माणसांवर ह्याचा प्रयोग झाला, तो २०१८ साली छापून आला, आणि त्यांची झोप सुधारली असे त्यांनी सांगितले. माणसे थोडीच, हेही त्यांनीच सांगितले. ती जादू नव्हे. मला तिने पहिल्या रात्री काहीच केले नाही.

खरा उपाय फार कंटाळवाणा निघाला. रात्र कशीही जावो, सकाळी सहाला उठायचे. उठून गच्चीवर उजेडात पाव तास फिरायचे. दुपारी झोपायचे नाही, फारच झाले तर अर्धा तास, तोही तीनच्या आत. चार वाजल्यानंतर चहा बंद. हे मला सर्वांत जड गेले. मालिका बघताना हातात कप नाही म्हणजे काय! डोळा लागल्यासारखे झाल्याशिवाय अंथरुणावर जायचे नाही, आणि वीसेक मिनिटे झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचे, घड्याळ पाहायचे नाही. त्या दोन महिन्यांत माझ्या घरातले सगळे कपडे घड्या घालून झाले, सासूबाईंची गोधडी शिवून झाली. पहिले पंधरा दिवस मी रडकुंडीला आले होते. गोळी कमी आणि झोपही कमी. एका रात्री काकूंच्या दारापर्यंत गेले होते, कडी वाजवायची राहिले. पुढे झोप तुकड्यांनी येऊ लागली, मग तुकडे जुळू लागले.

आणखी एक. डोके दुखते म्हणून मी रोज तीनतीन पॅरासिटामॉल घेत होते. महिन्याचे पंधरा दिवस किंवा जास्त अशा गोळ्या घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते, हे ऐकून ‘हे’ हसले. मला हसू आले नाही. जायफळाचेही त्यांनी विचारले. चिमूटभर उगाळून घ्यायला हरकत नाही, पण झोप येत नाही म्हणून वाढवीत नेऊ नये. जास्त जायफळ विषारी असते. हे सासूबाईंना सांगायचे काम मुलीवर सोपविले.

झोप इतकी का जपायची, हेही मी विचारले. झोपेत मेंदूतला दिवसभराचा कचरा धुऊन जातो, असे २०१२-१३ च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांना उंदरांच्या मेंदूत दिसून आले. त्याचा अभ्यास अजून चालू आहे. मला आपले रोज पहाटे रस्ते झाडणाऱ्या बायांचेच चित्र डोळ्यापुढे आले. दमलेल्या मेंदूला झोप हवीच, म्हणून कुणाला थोड्या दिवसांसाठी गोळी द्यावी लागते आणि डॉक्टर ती देतातही. मी औषधाची शत्रू नाही. मला नडली ती मागून आणलेली, कोणाला न सांगता घेतलेली.

ह्याच नवरात्रात आपल्या मरोळ नाक्यावर भुयारी मेट्रो सुरू झाली. तुम्ही सगळ्या नवी साडी नेसून पाहायला गेलात, मला हाका मारल्यात, मी आले नाही. काहींना वाटले मी तोंड चुकविते. थोडे ते होतेच, पण त्या दिव्यांचा झगझगाट मला सोसला नसता. संक्रांतीला मात्र मी एकटी जाऊन सरकत्या जिन्यावरून खाली उतरून आले. ३१ जानेवारीला पुण्याला सामना होता, आपल्या शिवम दुबेच्या शिरस्त्राणावर शेवटच्या षटकात चेंडू बसला आणि त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेतला. बदली खेळाडू बरोबरीचा होता की नव्हता म्हणून मुलगा आणि मामंजी भांडत बसले. मी म्हटले, तो मुलगा आज रात्री नीट झोपला की नाही ते बघा. दोघांनी मला गप्प केले.

आता त्या भगिनींविषयी. नोटा मिळाल्या त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. चिठ्ठी आणि नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी चिठ्ठी पाहिली आणि म्हणाल्या, “मला पैशाचे नव्हते हो वाईट वाटले.” मला ठाऊक होते. चारचौघींत मी त्यांना खोटे पाडले होते आणि घरात एकटीने क्षमा मागितली होती, ती पुरी नव्हती. चारचौघींत आज मागते. मी त्या पोचा आलेल्या समईची शपथ घेऊन सांगते, सप्टेंबरचे पैसे त्यांनी दिले होते आणि वेळेवर दिले होते. त्या समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

वहीची पद्धत आता बदलली आहे. पैसे माझ्या हातात पडायच्या आधी देणारीनेच आपल्या नावापुढे सही करायची, आणि रात्री आठनंतर मी कोणाचे पैसे घेत नाही. पुढची सोडत तिसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता माझ्या घरी आहे. ज्यांचे राहिले आहेत त्यांनी शनिवारपर्यंत आणून द्यावे. चहा मिळेल; मी मात्र तुमच्याबरोबर सरबत घेईन.